फी माफ झाली, पण पोरगी कॉलेजात पोचली का?

बारावीचा निकाल २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला. राज्यात ९१.८८ टक्के विद्यार्थी पास झाले. मुलींचं प्रमाण ९४.५८ टक्के, मुलांचं ८९.५१. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे, फेटे आणि अभिनंदनाचे फोटो फिरले. मग प्रवेशाचे दिवस आले आणि त्या फोटोतली निम्मी पोरं सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहिली.

सरकारचं ऐकाल तर वाट मोकळी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. अट एवढीच, की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. जागाही कमी नाहीत. दहावीला २०२५ मध्ये साडेचौदा लाख पोरं पास झाली आणि अकरावीच्या जागा राज्यात २० लाखांच्या वर होत्या. इंजिनिअरिंगच्याही जागा दरवर्षी रिकाम्या राहतात.

मग अडतं कुठं? बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही वाडीवर विचारा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, सगळीकडे उत्तर एकच येतं. फीच्या आधी कागद अडवतो आणि फीच्या नंतर भाकर अडवते. सरकारने मधला दरवाजा उघडलाय, पण अलीकडचा आणि पलीकडचा दोन्ही बंद आहेत.

कागदांचा उन्हाळा

आधी अलीकडचा दरवाजा पाहू. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कृषी, मेडिकल यांपैकी कशालाही राखीव जागेवर जायचं तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता लागते. लोक तिला 'व्हॅलिडिटी' म्हणतात. ओबीसी, भटके-विमुक्त, एसईबीसी यांना वरून नॉन क्रिमीलेयर लागतं. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, टीसी हे वेगळं. हे सगळं एका महिन्यात जमवायचं, आणि तोच महिना पेरणीचा.

उत्पन्नाचा दाखला त्यातल्या त्यात सोपा. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे तो १५ दिवसांत मिळायला हवा. वैधतेचं तसं नाही. तिथे जातीचा पुरावा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला लागतो आणि तो ठरलेल्या तारखेच्या आधीचा असावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेलेले असले, तर शाळेच्या निर्गम उताऱ्यावर काम भागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जुनी महसुली कागदपत्रं धुंडाळायची. कोतवाल बुक, खासरा पत्रक, गाव नमुना १४. मराठवाड्यात ही कागदं बऱ्याच ठिकाणी मोडी नाहीतर उर्दूत आहेत, कारण १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. ती वाचणारा माणूस तालुक्याला सापडत नाही.

यातली गंमत अशी, की ज्या घरात आजा शिकला त्या घराचा नातू सहज पुढे जातो आणि ज्या घरात कुणीच शिकलं नाही तिथला पहिला पोरगा पुराव्याअभावी अडकतो. आरक्षण ज्याच्यासाठी आणलं, नेमका तोच कागदाच्या चाळणीतून खाली पडतो. भटक्या समाजाची तर कमालच आहे. जो समाज १९६१ साली गाढवावर, घोड्यावर संसार टाकून गावोगाव फिरत होता, त्याला त्या सालचा एका गावातला पुरावा मागायचा!

चुलत्याच्या, चुलत भावाच्या नावाने वैधता आधीच मिळालेली असेल तर काम हलकं होतं. हे अनेकांना माहीतच नसतं. भावकीत बोलणं बंद असतं म्हणून शेजारच्या घरातला कागद मागायला कुणी जात नाही. बांधाच्या भांडणापायी पोराचं वर्ष वाया गेल्याच्या गोष्टी हरेक गावात आहेत.

वेळेत वैधता आली नाही तर प्रवेश खुल्या गटात जातो आणि पूर्ण फी अंगावर येते, नाहीतर जागाच सुटते. ओरड झाली की सरकार मुदत वाढवतं. २०२४ मध्ये एसईबीसीच्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांची सवलत दिली होती. पण मुदतवाढ म्हणजे टांगती तलवार लांबवणं आहे. पोरगं कॉलेजात बसतं आणि बाप समितीच्या दारात.

खरी मेख वेगळीच आहे. वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालानंतर करायचा नसतोच. अकरावीला सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत ऑनलाइन अर्ज भरून, कॉलेजच्या पत्रासह प्रत जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायची सोय आहे. तेव्हा दिला तर हाती पावणेदोन वर्षं असतात. शहरातल्या क्लासवाल्यांची पोरं तेव्हाच देतात. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात नोटीस लागते, कधी लागतही नाही, आणि पोराला 'व्हॅलिडिटी' हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो सीईटीचा निकाल लागल्यावर नेट कॅफेत.

इथेच चाळणी लागते आणि ती कुणाला दिसत नाही. बारावी सायन्सला ७० टक्के, सीईटीला बरा पर्सेंटाइल, पण कागद नाही, म्हणून पोरगं जवळच्या कॉलेजात बीएला नाव घालतं, कारण तिथे वैधतेचा प्रश्न येत नाही. सरकारच्या आकड्यांत तो 'उच्च शिक्षणात दाखल' झालेला असतो. केंद्राच्या २०२१-२२ च्या पाहणीत महाराष्ट्रात उच्च शिक्षणाला जाणाऱ्यांचं प्रमाण ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४. आकडा चांगला आहे. पण कोण कुठे दाखल झाला आणि त्याला कुठे जायचं होतं, हे त्या आकड्यात येत नाही. बीए वाईट असं नव्हे. ज्याला बीए करायचंय त्याने जरूर करावं. प्रश्न कागद नसल्यामुळे करावं लागणाऱ्या बीएचा आहे.

ओटीपी कारखान्यावर

बीड जिल्ह्याची एक अडचण पुण्या-मुंबईच्या अधिकाऱ्याला समजावून सांगावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे, त्रुटी दुरुस्त करण्याचे, पुन्हा पाठवण्याचे बरेचसे दिवस नेमके याच काळात येतात.

आता आधारला मोबाइल नंबर बहुतेक बापाचा. तो फोन फडात. पोरगी तालुक्याला कॅफेत बसलेली, ओटीपी गेलाय कारखान्यावर, आणि तिथे रेंज नाही नाहीतर फोन कोपीत चार्जिंगविना पडलेला. संध्याकाळी बाप फोन बघतो तेव्हा ओटीपी संपलेला असतो. असं तीनदा झालं की कॅफेवाला म्हणतो, उद्या या. उद्याच्या एसटीचं भाडं, उद्याचा बुडालेला तास.

सहीचंही तसंच. पालकाची सही, उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र, बँकेत अज्ञान खातेदाराच्या पालकाचा अंगठा. घरी आजी-आजोबा आणि धाकटी भावंडं. शाळकरी मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृहाची सोय आहे. कॉलेजच्या पोरांना 'तुम्ही मोठे झालात' म्हणून सोडून दिलं जातं. सेतू, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि समितीची शिबिरं दिवाळीनंतर भरवून इथे उपयोग नाही. ती एप्रिल ते सप्टेंबरमध्येच व्हायला हवीत, आईबाप गावात असताना.

कॅफेवाल्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. गावाकडचा खरा प्रवेश सल्लागार तोच आहे. तो नसता तर अर्धे फॉर्म भरलेच गेले नसते. पण तो सल्ला देतो तो फॉर्म संपवण्यापुरता. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय फेरीत ३०० पर्यंत कॉलेज-शाखांचे पर्याय देता येतात. शहरातला पालक मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून दीडशे पर्याय लावतो. गावचं पोरगं तीन लावतं, कारण मागे रांग असते. त्यात पहिल्याच क्रमांकावर नको ते कॉलेज टाकलं आणि तेच मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. अकरावीलाही आता तोच नियम झालाय. २०२५ मध्ये पहिल्यांदाच सगळ्या राज्याची अकरावी ऑनलाइन केली. २१ मे रोजी पोर्टल सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बसलं, मग २६ मेपासून नव्याने अर्ज घेतले. ज्या तालुक्यात दोन-चारच ज्युनिअर कॉलेजं आहेत आणि जागा शिल्लक राहतात, तिथल्या पोराने पर्याय तरी कसले लावायचे? आधी तो टीसी घेऊन कॉलेजात जायचा आणि दुपारी नाव घालून घरी यायचा.

नोंदणीचा मोबाइल नंबर आणि पासवर्ड मात्र कुणीही स्वतःचाच ठेवावा. कॅफेवाल्याच्या नंबरवर नोंदणी झाली आणि फेरी लागल्याचा मेसेज त्यालाच गेला, असे प्रकार दर हंगामात होतात.

भाकरीचा हिशेब

आता पलीकडचा दरवाजा. समजा कागद जमले, नंबर लागला, मुलीची शिक्षण फी माफ झाली. कॉलेज संभाजीनगरला किंवा पुण्याला. फी माफीत वसतिगृह नाही, मेस नाही, पुस्तकं नाहीत. डेव्हलपमेंट फी, लायब्ररी डिपॉझिट, युनिफॉर्म या नावाने कॉलेजं जे घेतात तेही बहुतेक भरावंच लागतं.

हिशेब अगदी कमीत कमी धरा. खोलीत चौघी राहून एकीच्या वाट्याला दोन हजार, मेस तीन हजार. महिन्याला पाच, दहा महिन्यांचे पन्नास हजार. ऊसतोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. त्या दराने पन्नास हजार म्हणजे १३७ टन ऊस. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, दिवसाला दोन टन तोडला असं धरलं तरी सुमारे ६८ दिवस. त्या दिवसांत त्यांनी स्वतः काही खायचं नाही, उचल फेडायची नाही, दवाखाना करायचा नाही, तेव्हा पोरगी एक वर्ष शहरात राहील. आणि इंजिनिअरिंग चार वर्षांचं.

यावरही योजना आहेत, हे मान्य करावं लागेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. मुंबई-पुण्यासारख्या शहरात स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. पण 'आधार'मध्ये जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांचीच मर्यादा आहे. बीडसारख्या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात ६०० म्हणजे तालुक्याला पंचावन्नसुद्धा नाहीत.

आणि या सगळ्या योजनांचा एकच स्वभाव आहे. आधी तुम्ही खर्च करा, हजेरी दाखवा, मग पैसे येतील. कधी येतील ते अनुदान आल्यावर. ज्याच्याकडे आधी खर्चायला पैसे आहेत त्याच्यासाठी ही योजना चांगली आहे. ज्याच्याकडे नाहीत तो मुकादमाकडे नाहीतर सावकाराकडे जातो आणि पोरगी घरी परत येते. खोलीवाला जून-जुलैत डिपॉझिट मागतो, सरकारचा हप्ता यायला पुढचा उन्हाळा उजाडतो. रक्कम कमी आहे ही तक्रार दुय्यम आहे, ती चुकीच्या महिन्यात येते ही खरी तक्रार आहे.

जुन्या लोकांना हे कळलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, आणि पुढे 'कमवा आणि शिका'वर कॉलेज चालवलं. दोघांनीही आधी पोरांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था केली, कारण गावचं पोरगं फीपेक्षा पोटाला भितं हे त्यांना ठाऊक होतं. आज उलटं चाललंय. फी माफीची घोषणा एका शासन निर्णयात होते, तिची बातमी मोठी होते. वसतिगृहाला जागा, इमारत, गृहपाल आणि स्वयंपाकी लागतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलं. सगळी पूर्ण क्षमतेने चालली तरी ८,२०० जागा होतात, आणि त्या दहा जिल्ह्यांत वाटल्या जातात.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी टोकाला जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर त्याला 'गॅप' म्हणतात. मुलीचा गॅप पडला की तिचं स्थळ येतं. आईबाप फडावर जाणार, तरणी पोर घरात एकटी कशी ठेवायची, ही भीती खोटी नाही. कॉलेजला नाव असेल आणि राहायची जागा सुरक्षित असेल तर बाप लग्न लांबवतो. नाव नसेल तर त्याच्याकडे पाहुण्यांना सांगायला कारणच उरत नाही.

एसटीचंही बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे. बारावी झाली की मोफत पास बंद. पुढे विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिसरा हिस्सा भरावा लागतो. रक्कम फार नाही, पण दर महिन्याला रोख लागते. ज्या वर्षी तिचं कॉलेज लांब जातं, त्याच वर्षी तिचा मोफत पास जातो. वाडीवर मुक्कामी गाडी नसेल तर पास असूनही काय करायचं, हा प्रश्न वेगळाच.

गावात काय करता येईल

सगळं सरकारने करेपर्यंत थांबायचं म्हटलं तर एक पिढी जाईल. काही गोष्टी गावातल्या गावात होण्यासारख्या आहेत आणि त्याला निधी लागत नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं १५ ऑगस्टला गावातच असतात. त्या दिवशीच्या ग्रामसभेत अकरावी-बारावीला असलेल्या पोरांची यादी वाचावी आणि प्रत्येकापुढे वैधता आहे की नाही एवढंच लिहावं. ज्याच्या भावकीत कुणाची वैधता निघालेली आहे त्याने ती प्रत द्यावी. भांडण बाजूला ठेवून द्यावी. सरपंचाने एवढं घडवून आणलं तरी निम्मं काम झालं.

ज्युनिअर कॉलेजांनी अकरावीच्या पहिल्या सत्रातच सायन्सच्या सगळ्या राखीव पोरांचे वैधतेचे अर्ज भरून घ्यावेत. हे त्यांचं कामच आहे, उपकार नव्हेत. पालकांनी जाऊन विचारावं, लेखी विचारावं. दाखला मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायद्यात अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. जातीच्या, उत्पन्नाच्या, नॉन क्रिमीलेयरच्या दाखल्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागत नाही, हा निर्णय महसूल खात्याने मार्च २०२५ मध्ये घेतलाय. तरी कुणी स्टॅम्प मागितलाच तर कशासाठी ते लिहून मागावं. बहुतेक वेळा आवाज तिथेच खाली येतो.

ज्यांचे प्रवेश झालेत त्यांनी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आजच बघावं. शिष्यवृत्ती शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिमकार्ड घेताना उघडलेल्या एखाद्या पेमेंट बँकेच्या खात्यात पैसे पडलेले असतात आणि पोरगं वर्षभर कॉलेजच्या बाबूशी भांडत राहतं. आधारचा मोबाइल नंबर पोराच्या स्वतःच्या फोनचा करून घ्यावा, आणि तो बाप गावात असतानाच करावा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे पुढच्या वर्षीचा दाखला एप्रिल-मेमध्ये, कारखान्यावरून परत आल्या-आल्या काढायचा.

आमदार-खासदार सत्काराला येतात तेव्हा त्यांना विचारायला दोनच प्रश्न पुरेत. आपल्या तालुक्यात कॉलेजच्या मुलींसाठी सरकारी वसतिगृहात किती खाटा आहेत? आणि गेल्या वर्षीचा स्वाधारचा, आधारचा पैसा कोणत्या महिन्यात आला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जून-जुलै असं येत नाही तोवर संभाजीनगरच्या खोलीचं डिपॉझिट मुकादमाच्या उचलीतूनच जाणार आहे. ती उचल यंदाही दसऱ्याच्या आधी वाटली जाईल.